‘ॲडजस्ट’ कोणी व्हायचे?

इंग्रजी शब्द मराठीत आले की गळा काढणाऱ्यांपैकी आम्ही नाही. टेबल, बस, तिकीट, डॉक्टर हे शब्द मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत आणि मराठीने त्यांना आपले प्रत्ययही लावले आहेत. ‘टेबलावर’, ‘तिकिटाला’, ‘डॉक्टरांकडे’ असे म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही. नवी वस्तू आली, तिच्याबरोबर तिचे नाव आले, एवढाच तो व्यवहार. क्रियापदाची गोष्ट मात्र वेगळी आहे. परके क्रियापद येते तेव्हा त्याच्याबरोबर नवी वस्तू बहुधा येत नसते. जी कृती आपण शतकानुशतके करीत आलो, जिला आपल्याकडे एक सोडून दहा नावे होती, तिच्यावरच नवे नाव येऊन बसते आणि जुनी दहा नावे हळूहळू बोलण्यातून उठून जातात.

अशा एकाच क्रियापदाचा विचार आज करावयाचा आहे. ते क्रियापद म्हणजे ‘ॲडजस्ट करणे’. सकाळी दूध घेण्यापासून रात्री अंथरूण घालण्यापर्यंत हा शब्द आपल्या तोंडी किती वेळा येतो, हे वाचकांनी एक दिवस मोजून पाहावे. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : ह्या शब्दाने मराठीतली डझनभर क्रियापदे बाजूला सारली, ह्याचे दुःख आहेच; पण त्या क्रियापदांबरोबर एक प्रश्नही पुसला गेला, ह्याचे दुःख अधिक आहे. तो प्रश्न असा, की दोघांत जागा झाली खरी, पण सरकले कोण?

शब्दाचे मूळ

हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकाच्या सुमारास फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी लॅटिन भाषेतील ‘युक्स्टा’ हा शब्द आहे, त्याचा अर्थ ‘जवळ’ किंवा ‘लगत’. म्हणजे मुळात ही क्रिया ‘जवळ आणण्या’ची. पुढे उच्चारातील सारखेपणामुळे लोकांनी तिचे नाते ‘युस्टुस’, म्हणजे ‘न्याय्य, यथायोग्य’, ह्या दुसऱ्याच शब्दाशी जोडले आणि ‘योग्य त्या ठिकाणी आणणे’ असा अर्थ रूढ झाला. जवळ आणणे आणि न्याय्य करणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हे आपण ध्यानात ठेवू; लेखाच्या शेवटी त्याचे प्रयोजन पडेल.

इंग्रजी माणूस हे क्रियापद प्रामुख्याने वस्तूंविषयी वापरतो. दुर्बिणीची भिंग फिरवणे, गळ्यातला टाय सारखा करणे, हिशेबाच्या आकड्यात योग्य तो फेर करणे, ही त्याची नेहमीची कामे. विम्याचा दावा आला की नुकसान किती झाले हे पाहून रक्कम ठरवणारा जो माणूस असतो, त्याच्या हुद्द्याचे नावही ह्याच क्रियापदापासून झाले आहे. माणसांविषयी बोलताना नव्या परिस्थितीला सरावणे, अंधाराला डोळे सरावणे, एवढ्यापुरता तो ते वापरतो. परंतु तीन जणांच्या बाकावर चौथा येऊन उभा राहतो आणि ‘प्लीज, थोडे ॲडजस्ट’ म्हणतो, हा प्रयोग लंडनच्या माणसाला उलगडणार नाही. तो अस्सल भारतीय आहे. शब्द त्यांचा, अर्थ आपला; आणि म्हणूनच त्या अर्थाची जबाबदारीही आपलीच.

कृष्णपुऱ्यात ऐकलेले

हा शब्द कसा चालतो हे पाहण्यास इंदूरच्या कृष्णपुऱ्यासारखे ठिकाण नाही. होळकरांच्या राजवाड्यापासून चार पावलांवर, कान्ह नदीच्या काठी, होळकर घराण्याच्या छत्र्या जेथे उभ्या आहेत तो हा भाग. त्याच्या नावात कृष्णाबाई होळकरांचे नाव आहे. त्यांची छत्री येथेच आहे, आणि दुसरे तुकोजीराव व शिवाजीराव ह्यांच्या छत्र्याही येथेच. छत्र्यांच्या दगडी कोरीवकामात मराठा आणि राजपूत अशा दोन्ही धाटणी एकमेकींत मिसळल्या आहेत. भोवतालच्या बाजारातील बोलणेही तसेच : हिंदी, तिच्यात माळवीचा हेल आणि मधूनच कोणा आजीबाईंची स्वच्छ मराठी. सीमाभागातल्या आमच्यासारख्या माणसाला हे ओळखीचे वाटते. आमच्याकडे मराठी आणि कन्नड शेजारी राहतात, येथे मराठी आणि हिंदी. पण ‘ॲडजस्ट’ दोन्हीकडे सारखाच. बेळगावात तो कन्नड आणि मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडी आहे, येथे हिंदी आणि मराठी बोलणाऱ्यांच्या. इंदूरच्या मराठी घरांत तर तो थेट इंग्रजीतून आलेलाच नाही. तो हिंदीच्या हाताला धरून आला आहे.

बाजारातून सावकाश चालत गेले तर हे क्रियापद किती कामे करते ते दिसते. रिक्षावाला मागे बसलेल्या तिघांना चौथ्यासाठी ‘ॲडजस्ट’ होण्यास सांगतो. येथे मराठीत ‘जरा सरकून घ्या’ एवढे पुरे होते. शिंप्याकडे ब्लाउज ‘ॲडजस्ट’ करावयाचा असतो. मराठीत तो उसवून ढिला करतात किंवा टीप मारून घट्ट करतात, आणि ह्या दोन क्रिया परस्परांच्या अगदी उलट आहेत. सायकलच्या दुकानात ब्रेक ‘ॲडजस्ट’ होतो. मराठीत तो आवळतात किंवा सैल करतात. घड्याळ आपण लावतो. तंबोरा जुळवतो किंवा मिळवतो. पदर सावरतो. चष्मा नीट बसवतो. भेटीची वेळ मागेपुढे करतो. अचानक पाहुणे आले तर आमटी वाढवतो, आणि ‘वाढवणे’ ह्या क्रियापदातला तो मिस्कील अर्थ ज्या घरात कळतो ते घर मराठी, असे खुशाल समजावे.

पैशाच्या व्यवहारात ह्या शब्दाने सर्वांत मोठी उलथापालथ केली आहे. मराठी हिशेबाची भाषा जुनी आणि नेमकी. होळकरांच्या दप्तरातील कारभार मोडी लिपीत आणि मराठीत चाले, आणि जमा, वजा, वसूल, बाकी, शिल्लक हे शब्द त्या काळापासून आपल्या अंगवळणी पडलेले आहेत. एका खात्यातील रक्कम दुसऱ्या खात्यात घालून देणे फेडणे, ह्याला मराठीत ‘वळते करणे’ म्हणतात. किती सुंदर क्रियापद आहे! पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवावे तशी रक्कम वळती होते. आज दुकानदार म्हणतो, ‘पुढच्या बिलात ॲडजस्ट करून टाकू.’ ठीक आहे, येथे अर्थ तरी समजतो. पण मालक जेव्हा कामगाराला म्हणतो, ‘पुढच्या पगारात ॲडजस्ट होईल’, तेव्हा काय होणार असते? पगार कापला जाणार असतो. ‘कापणे’ हे क्रियापद उच्चारले असते तर कामगाराने विचारले असते, किती कापणार आणि का कापणार. ‘ॲडजस्ट होईल’ म्हटल्यावर तो मान हलवतो आणि निघून जातो.

क्रियापदाचा कर्ता

येथे थोडे व्याकरण पाहणे अगत्याचे आहे. मराठीने परकी क्रियापदे पूर्वीही घेतली. फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांवर तिने आपला ‘णे’ चढवला आणि बदलणे, खर्चणे, फर्मावणे, आजमावणे, नवाजणे, गुजरणे अशी अस्सल मराठी रूपे घडवली. ‘बदलला’, ‘बदलेल’, ‘बदलता’, ‘बदलवतो’ असे त्यांना हवे तसे वाकवता येते. कबूल करणे, जमा करणे असे जोडप्रयोगही होते, पण त्यांच्याबरोबर ही सरळ क्रियापदेही होती. इंग्रजी क्रियापदांना हे भाग्य क्वचितच लाभले. ‘गुगलणे’ असे कोणी थट्टेने म्हणतो, पण ‘ॲडजस्टणे’ म्हणत नाही. इंग्रजी क्रियापद मराठीत येते ते ‘करणे’ किंवा ‘होणे’ ह्यांची कुबडी घेऊनच.

ह्या कुबडीचा परिणाम अर्थावर होतो. ‘करणे’ लावले तर कर्ता निदान नावापुरता उरतो. ‘होणे’ लावले की कर्ताच नाहीसा होतो. ‘होईल ॲडजस्ट’ ह्या दोन शब्दांत कोण काय करणार, कोणाचे काय जाणार, काहीही सांगितलेले नसते. 

आता मराठी क्रियापदांकडे पाहावे. आपल्या भाषेत मुख्य क्रियापदाला घेणे, देणे, टाकणे, नेणे अशी दुसरी क्रियापदे जोडण्याची सोय आहे आणि त्यातून नात्याचा बारकावा व्यक्त होतो. ‘सांभाळून घेणे’ हे मोठ्याने लहानाच्या बाबतीत करावयाचे असते. गाणारा नवखा असेल तर श्रोत्यांना ‘सांभाळून घ्या’ अशी विनंती करतो. ‘समजून घेणे’ कोणीही कोणाच्याही बाबतीत करावे. ‘चालवून घेणे’ म्हणजे दोष दिसत असूनही तो पत्करणे. ‘गोड मानून घेणे’ म्हणजे थोडके असूनही समाधान दाखवणे. ‘निभावून नेणे’ म्हणजे अडचणीतून पार होणे, ‘वेळ मारून नेणे’ म्हणजे तात्पुरते सुटणे. ‘तडजोड’ दोन्ही पक्षांनी करावयाची असते. ‘नमते घेणे’ आणि ‘पड खाणे’ एकाच पक्षाने. ‘मनाला मुरड घालणे’ ह्यात इच्छा मारली जाते, ‘पोटाला चिमटा घेणे’ ह्यात भूक. आणि शेवटी ‘सोसणे’ आहे, ज्यात दुखते हे क्रियापदच सांगून टाकते.

ह्या सगळ्यांच्या जागी एक ‘ॲडजस्ट’ ठेवून पाहावे. कोण मोठा, कोण लहान, कोणाचे किती गेले, दुखले की नाही, ही सारी माहिती वाक्यातून गळून पडते. शब्द कमी झाले म्हणजे केवळ शोभा कमी झाली असे नव्हे. साक्ष कमी झाली.

घरातला ‘ॲडजस्ट’

ह्याची सर्वांत मोठी किंमत घरातल्या स्त्रीने मोजली आहे. लग्न ठरले की मुलीला सांगतात, ‘सासरी थोडे ॲडजस्ट करावे लागते.’ पूर्वी आई सांगे, ‘नीट नांद.’ ‘नांदणे’ ह्या शब्दातही मुलीवरचे ओझे होते, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्या शब्दाला दुसरी बाजूही होती. ‘तिला नांदवत नाहीत’ असे म्हणता येई आणि ते म्हटले की दोष सासरच्यांकडे जाई. चार माणसे बसवून त्यांना जाब विचारता येई. ‘नांदवणे’ हे प्रयोजक रूप सासरच्यांचे कर्तव्य सांगणारे होते. ‘ॲडजस्ट’ला असे रूप नाही. ‘तिला ॲडजस्ट करवत नाहीत’ असे कोणी म्हणत नाही. म्हणतात ते एवढेच, की ‘तिला ॲडजस्ट होता आले नाही.’ दोष तिचा, वाक्य संपले.

कोणी म्हणेल, हा शब्दच्छल झाला. सासुरवास शब्दांमुळे होत नाही. खरे आहे. सासुरवास माणसे करतात. पण तो झाला हे सांगण्यासाठी शब्द लागतात, आणि जी मुलगी ‘मी सोसते आहे’ असे म्हणू शकते तिचे म्हणणे आईला ऐकावे लागते. ‘मी ॲडजस्ट करते आहे’ असे म्हणणारीला आई शाबासकी देते.

सामावून घेणे आणि जुळवून घेणे

ह्या लेखातील मुख्य मुद्द्यापाशी आम्ही आता येतो. मराठीत दोन क्रियापदे जोडीने उभी आहेत : ‘जुळवून घेणे’ आणि ‘सामावून घेणे’. नव्याने आलेला जुळवून घेतो. आधीपासून असलेला सामावून घेतो. पहिले पाहुण्याचे कर्तव्य, दुसरे यजमानाचे. समाज चालतो तो ही दोन्ही क्रियापदे आपापल्या जागी चालू असतात म्हणून. ‘ॲडजस्ट’ ह्या शब्दाने दोन्ही गिळून टाकली, आणि गिळताना यजमानाचे कर्तव्य पोटात राहिले, पाहुण्याचे तेवढे बाहेर आले. जो दुबळा, जो संख्येने थोडा, त्यालाच ‘ॲडजस्ट हो’ म्हणतात. बलवानाला असे कोणी म्हटल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही.

भाषांच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसते, आणि इंदूर हे त्याचे चांगले उदाहरण आहे. १८१८ सालच्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास आली. दरबाराबरोबर कारकून, शास्त्री, वैद्य, शिक्षक अशी मराठी कुटुंबे येथे वसली. राज्यकर्त्यांची भाषा मराठी होती, प्रजेची बोली माळवी आणि हिंदी. त्या काळी मराठीने येथे नुसतेच राज्य केले असे नाही, तिने माळव्याकडून घेतलेही : शब्द घेतले, खाणे घेतले, बोलण्याचा हेल घेतला. ह्या शहराचे औदार्य असे, की १९१७ साली मराठी साहित्य संमेलन येथे भरले आणि पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलनही येथेच भरले. १९३५ साली तर दोन्ही भाषांची संमेलने ह्याच शहरात झाली. मराठीचे अध्यक्षपद औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांच्याकडे होते, हिंदीचे पुन्हा गांधीजींकडे. एकाच वर्षी, एकाच शहरात, दोन भाषांना मांडव घालून देणारे गाव ‘सामावून घेणे’ ह्या क्रियापदाचा अर्थ जाणत होते.

२८ मे १९४८ रोजी मध्यभारत संघ अस्तित्वात आला, होळकरशाहीचा कारभार संपला, आणि मराठी येथे राज्यकर्त्यांची न राहता एका अल्पसंख्य समाजाची भाषा झाली. त्यानंतर काय झाले ते सांगताना इंदूरची मराठी माणसे अभिमानाने म्हणतात, ‘आम्ही ॲडजस्ट झालो.’ आम्ही त्यांना नम्रपणे विचारू इच्छितो, की ह्यात नेमके काय काय झाले? काही बाबतींत आपण जुळवून घेतले, ते शहाणपणाचे होते. हिंदी उत्तम बोलणारा इंदूरचा मराठी माणूस सर्वांना हवासा वाटतो. काही बाबतींत शहराने आपल्याला सामावून घेतले, त्याबद्दल कृतज्ञ असावे. मराठी नाटकाला येथे आजही प्रेक्षक आहे आणि २००१ साली मराठी साहित्य संमेलन पुन्हा येथे भरले. पण काही बाबतींत आपण नुसतेच सोडून दिले. नातवंडांशी मराठी बोलणे सोडले, मराठी लिहिणे सोडले. त्याला कोणी भाग पाडले नव्हते आणि त्यातून कोणाला जागाही मिळाली नाही. जुळवून घेणे, सामावले जाणे आणि सोडून देणे ह्या तीन निराळ्या गोष्टी आहेत. तिन्हींना एकच नाव दिले, म्हणून तिसरी गोष्ट पहिल्या दोहोंच्या आड लपून राहिली आणि तिची खंतही कोणाला वाटली नाही.

एक तारीख, तीन गोष्टी

१ नोव्हेंबर १९५६ ही तारीख आम्हा सीमाभागातील लोकांच्या काळजावर कोरलेली आहे. त्या दिवशी राज्यपुनर्रचना अमलात आली. इंदूर नव्या मध्य प्रदेशात गेले, आणि त्याच दिवशी बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. इंदूरच्या मराठी माणसाची परिस्थिती आणि आमची परिस्थिती सारखी आहे असे आम्ही म्हणत नाही. त्यांचे पूर्वज तेथे गेले होते, आम्ही आमच्याच गावात होतो आणि राज्य बदलले. परंतु दोघांनाही उपदेश एकच मिळाला : आता ॲडजस्ट व्हा.

त्याच तारखेला तिसरीही एक गोष्ट घडली, तिची आठवण फार थोड्यांना असते. घटनेची सातवी दुरुस्ती त्याच दिवशी अमलात आली आणि तिने ‘३५० क’ व ‘३५० ख’ हे अनुच्छेद घटनेत घातले. भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि प्रत्येक स्थानिक संस्थेने करावा, असे पहिला अनुच्छेद सांगतो. दुसरा अनुच्छेद ह्या समाजांसाठी एका विशेष अधिकाऱ्याची नेमणूक करण्यास सांगतो. ह्या वाक्यांचा कर्ता कोण आहे, हे वाचकांनी पाहावे. कर्ता आहे राज्य. कर्ता आहे स्थानिक संस्था. मुलाने काय करावे हे त्यात सांगितलेले नाही. घटनाकारांच्या मनात जे क्रियापद होते ते ‘सामावून घेणे’ हे होते, आणि त्याचा कर्ता त्यांनी नाव घेऊन लिहिला. नंतरच्या व्यवहारात मात्र कर्ता बदलला. राज्याचे कर्तव्य मागे पडले आणि ‘तुम्हीच ॲडजस्ट व्हा’ हे उरले.

महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे. सीमा कोठे असावी ह्याचा निर्णय तेथे व्हावयाचा आहे, त्यात आम्ही येथे शिरत नाही. सीमा कोठेही असली तरी तिच्या दोन्ही बाजूंना भाषिक अल्पसंख्य राहणारच, हे सत्य आहे. अक्कलकोट आणि जत तालुक्यांत कन्नड बोलणारी मराठी राज्यातील माणसे आहेत. त्यांच्या कन्नड शाळेचा, त्यांच्या कागदपत्रांचा प्रश्न आला की आपल्यापैकी किती जण ‘सामावून घेऊ’ म्हणतात आणि किती जण ‘ॲडजस्ट व्हा’ म्हणतात, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे. जो न्याय बेळगावात मागावयाचा तोच अक्कलकोटात द्यावयाचा, नाहीतर आपले मागणे पोकळ ठरते.

‘समायोजन’ हा उपाय नव्हे

येथवर वाचून एखादा भाषाभिमानी म्हणेल, मग ‘ॲडजस्ट’ऐवजी ‘समायोजन’ म्हणू या. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत हा शब्द आहे, सरकारी कागदांतही आहे. पण तो सरकारी कागदांत कोठे येतो ते पाहावे. शाळेतील मुले कमी होतात, शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतात आणि मग त्यांचे ‘समायोजन’ होते. एका मराठी शाळेला ओहोटी लागली, तिच्या शिक्षकाला कोठे दूर पाठवले, मागे राहिलेल्या चार मुलांचे पुढे काय झाले, हे सर्व त्या एका तत्सम शब्दाखाली गडप होते. संस्कृत धातूपासून शब्द घडवला म्हणून तो सच्चा होत नाही. ‘समायोजन’ आणि ‘ॲडजस्टमेंट’ ह्या दोन सख्ख्या बहिणी आहेत. एकीने नऊवारी नेसली आहे, एवढाच फरक.

उपाय एक प्रतिशब्द शोधण्यात नाही, कारण एका शब्दाने दहा अर्थ झाकणे हाच तर रोग आहे. उपाय आहे तो दहाही क्रियापदे पुन्हा वापरात आणण्याचा, आणि त्यासाठी कोणत्याही शासन-निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. ‘ॲडजस्ट’ जिभेवर आला की क्षणभर थांबून इतकेच विचारावे : येथे कोण सरकणार आहे? दोघेही सरकणार असतील तर ‘तडजोड’ म्हणावे. मी सरकणार असेन तर ‘मी नमते घेतो’ म्हणावे, त्यात कमीपणा नाही. तू सरकावेस अशी माझी अपेक्षा असेल तर तसे स्पष्ट म्हणण्याचे धैर्य दाखवावे. मुलीला सासरी पाठवताना ‘जुळवून घे’ एवढेच न सांगता तिच्या सासरच्यांना ‘सामावून घ्या’ हेही सांगावे. हिशेबात रक्कम ‘वळती’ करावी आणि पगार ‘कापायचा’ असेल तर ‘कापतो’ म्हणावे. बाकावर बसताना ‘सरकून घ्या’ म्हणावे. ऐकणारा तितक्याच आनंदाने सरकतो, असा आमचा अनुभव आहे.

कृष्णपुऱ्यातील आजीबाईंची मराठी ज्यांच्या कानांवर पडते, त्या नातवंडांना ही क्रियापदे अजून फुकट मिळू शकतात. पुस्तकातून ती शिकता येत नाहीत. ‘आमटी वाढवणे’ कोणत्या कोशातून कळणार? ती घरातल्या बोलण्यातून, वेळेवर, नेमक्या प्रसंगी कानी पडावी लागतात. इंदूर, बडोदा, बेळगाव, कारवार येथील मराठी घरांना आमची एवढीच विनंती आहे, की मुलांशी हिंदी बोला, कन्नड बोला, इंग्रजीही बोला. पण घरात कोणी कोणासाठी काय सोसले, कोणी कोणाला सामावून घेतले, हे सांगताना मराठी क्रियापद वापरा.

त्या लॅटिन शब्दाच्या मुळाशी ‘जवळ आणणे’ होते आणि ‘न्याय्य करणे’ हा अर्थ त्याला नंतर, केवळ उच्चारातील सारखेपणामुळे, चिकटला, हे आरंभी सांगितले. आपल्याकडील ‘ॲडजस्ट’चेही तेच झाले आहे. माणसे दाटीवाटीने जवळ बसली म्हणजे न्याय झाला, असे तो भासवतो. बाकावर जागा झाली की नाही, एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांना तो शब्द पुरेसा आहे. ज्यांना न्याय हवा आहे त्यांना कर्ता सांगणारे क्रियापद लागते, आणि तशी क्रियापदे मराठीत भरपूर आहेत.